खरवईच्या नवरीचं माप

नोकरीची शेवटची काही वर्षं मी दिवसभर दिल्लीत असायची. राहायला अंबरनाथ पश्चिमेला, कामाला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये आणि फोनवर दिल्लीत. दुपारी कारखान्याच्या जिन्यात बसून डबा खायचा, तोंड पुसायचं आणि परत दिल्लीला जायचं. इतकं जाणं-येणं करूनही दिल्ली मी अजून पाहिलेली नाही.

त्याचं असं होतं. आमच्या शेठचा नवरीच्या कपड्यांचा कारखाना. खाली दुकान, वर मशीन. शेठ सिंधी, माणूस दिलदार, पण पत्त्याच्या बाबतीत फार हळवा. उल्हासनगरच्या मालावर लोक वर्षानुवर्षं जी थट्टा करत आलेत ती तुम्हाला माहीत आहेच. ती इथे सांगत नाही, कारण शेठ हा अंक कोणाकडून तरी वाचून घेणार आहेत. तर शेठनी ऑनलाइन धंदा सुरू केला तेव्हा वेबसाइटला एक इंग्रजी नाव ठेवलं, जे आमच्यापैकी कोणालाच धड उच्चारता यायचं नाही, आणि पत्ता दिला दिल्लीतल्या आपल्या साडूच्या घराचा.

मी एकदा विचारलं, ''शेठ, कॅम्प दोन लिहिलं तर काय बिघडलं?''

शेठ म्हणाले, ''शालू दीदी, कॅम्प दो बोलेगा तो आदमी पूछेगा, कितने का देगा? दिल्ली बोलेगा तो पूछेगा, कब तक देगा?''

हिशेब बरोबर होता. पण या दिल्लीपायी आम्ही जे उद्योग केले ते सांगितले तर कोणाला खरे वाटायचे नाहीत. बदलापूर-अंबरनाथची ऑर्डर असली की तयार पार्सल शेठ मुद्दाम चांगले चार दिवस लोखंडी कपाटात ठेवून द्यायचे. दिल्लीहून यायला वेळ लागतो ना! एक पार्सल तर आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मुलीचं होतं. ती रोज कारखान्याखालून जाताना आम्हालाच फोन करून विचारायची, ''मेरा पार्सल कहाँ तक पहुँचा?'' आणि मी खिडकीतून तिच्याकडे बघत सांगायची, ''बस, रास्ते में है.''

माझं काम मापाचं. आधी मी घरी ब्लाउज शिवायची, मग शेठकडे फिटिंगला लागले. तेव्हा बाई समोर उभी असायची. खांद्यावर हात ठेवला की कळायचं, ही बाई डाव्या बाजूला झुकते, हिला कडेवर मूल घ्यायची सवय आहे. ऑनलाइनमध्ये बाई गेली आणि फॉर्म आला. गिऱ्हाइकाने घरच्या घरी माप घेऊन भरायचं आणि मी व्हिडिओ कॉलवर ते तपासायचं. त्यासाठी शेठनी माझ्या खुर्चीमागे सोनेरी पडदा लावला, बाजूला प्लास्टिकचं झाड ठेवलं आणि माझं नाव ठेवलं मिस शैली. पडद्यामागे मशीन घरघरायची, खाली गल्लीत दालपकवानवाला ओरडायचा. कोणी विचारलंच तर मी म्हणायची, ''दिल्ली में बहुत शोर है जी.''

आता हे मापाचं प्रकरण बाहेरच्यांना थोडं समजावून सांगते. अंगाचं माप वेगळं आणि कपड्याचं माप वेगळं. कपडा अंगाएवढाच शिवला तर माणूस त्यात श्वास घेऊ शकत नाही. म्हणून आम्ही अंगाच्या मापावर थोडा लूज धरतो. शिवाय शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. पुढे-मागे कपडा वाढवायची वेळ आली तर ती उपयोगी पडते. हे सगळं आमचं आम्ही करतो. पण घरचे लोक आम्हाला करू देत नाहीत. नवरी माप घेते आणि दोन इंच कमी लिहिते. आई तो फॉर्म बघते आणि जरा सैल असू दे म्हणून दोन इंच वाढवते. मग मामी येते. फॉर्म आमच्याकडे पोचेपर्यंत त्यात नवरी सोडून घरातलं सगळं असतं.

बदलापूरच्या एका कंत्राटदाराने आपल्या मुलीचं माप साइटवरच्या लोखंडी टेपने घेतलं होतं आणि उंची लिहिली होती ती 'फरशीच्या लेव्हलपासून'. माणूस कामाचा पक्का, माप बिनचूक निघालं, फक्त मुलगी तेवढी टेप थंड लागते म्हणून कॉलभर किंचाळत होती. अंबरनाथच्या एका आईने मुलीच्या सीटचं माप गाऊनवरून घेतलं. सीट म्हणजे नितंबांचा घेर, आमच्या धंद्यात असंच म्हणतात. आकडा काही केल्या जुळेना. शेवटी कॉल चालू असताना मुलीच्या गाऊनच्या खिशात मोबाइल वाजला तेव्हा उलगडा झाला. बाईंनी मोबाइलसकट माप घेतलं होतं.

आणि प्रत्येक नवरीचं एक ठरलेलं वाक्य असायचं: ''लग्नापर्यंत मी कमी होणार आहे.'' हे वाक्य मी मराठीत, हिंदीत, सिंधीत आणि एकदा कॅनडाहून इंग्रजीत ऐकलं आहे. माझा अनुभव असा की लग्नापर्यंत नवरीचा बाप कमी होतो. नवरी आहे तशीच राहते, कारण रोज कोणाकडे तरी केळवण असतं.

हे सगळं ज्या मुलीमुळे आज लिहायला बसले, ती खरवईची प्रणाली. आगरी घर, बापाची शेती होती, आता थोडी शेती आणि थोड्या जागेवर बिल्डिंगी. हिने आमच्या वेबसाइटवर शिवलेल्या नऊवारीची ऑर्डर टाकली. शिवलेली नऊवारी म्हणजे बाहेरून साडी आणि आतून विजार. निऱ्या, काष्टा, सगळं शिवून तयार, नवरीने फक्त पाय घालायचे. बाकीचे लोक तिला कमरेला नाडी लावतात. आमच्या शेठना नाडी चालायची नाही, फोटोत कंबर फुगीर दिसते म्हणून. आमच्याकडे कमरेला बांधीव पट्टा, बाजूला चेन, वर हुक. त्यामुळे दिसायची फार सुरेख, पण कमरेचं माप चुकलं की संपलं. त्यातून आसनाचं माप. कमरेपासून पुढून खाली आणि मागून वर कमरेपर्यंत ते घ्यायचं असतं. ते तोकडं पडलं तर नवरी उभी छान दिसते, पण पाटावर बसली की सगळ्या गावादेखत काष्टा उसवतो.

प्रणालीने फॉर्ममध्ये कंबर लिहिली होती बत्तीस. दंडाचा घेर मात्र खरा लिहिला होता. दंडाबद्दल बायका खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लक्षातच येत नाही. तो दंड आणि ती कंबर एका बाईची असणं शक्य नव्हतं. मी कॉल लावला.

कॉलवर प्रणाली होती आणि टेप घेऊन तिची आत्या. आत्या म्हणजे चांगली दणकट बाई, कपाळावर मोठं कुंकू, हातभर बांगड्या. मागे कोचावर वडील, काका आणि आणखी कोण कोण पुरुष चहा पीत बसलेले.

मी दिल्लीच्या हिंदीत सुरुवात केली, ''नमस्ते जी. पहले हम आसन का नाप लेंगे.'' आणि कसं घ्यायचं ते हाताने दाखवलं.

आत्याबाईंनी टेप खांद्यावर टाकली. मग मागे वळून गरजल्या, ''उठा रं सगले! भायेर जा!''

चहाचे कप घेऊन सगळा पुरुषवर्ग अंगणात गेला. काका जाताना ''दिल्लीवाले असा पन माप घेतान?'' असं काहीतरी पुटपुटलेले मला ऐकू आले. आसनाचं माप कसंबसं झालं. मग कंबर. प्रणालीने असा श्वास आत ओढला की गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या.

''म्याडम,'' आत्या म्हणाल्या, ''ये पोरी पोट आत घेती हय.''

''आप नाप बोलिए जी.''

''चोवीस.''

आता मिस शैलीने शांतपणे 'जरा फिर से देखिए' म्हणायचं होतं. पण चोवीस कंबर ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, ''अहो आत्या, टेप उलटी धरलीत! चोवीस कंबर असते का बाईची? दुधीची असते!''

शिंप्याची टेप साठ इंची. उलट्या टोकाने मोजलं की चोवीस म्हणजे खरं छत्तीस. ते मी मनात केलंही. पण तिकडे आकड्याचं कोणाला पडलंच नव्हतं. फोनच्या पलीकडे उभ्या असलेल्या शेठनी कपाळाला हात लावलेला मला दिसला.

''तू मराठी हास?'' आत्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

''हो.''

''मंग दिल्लीला कशी?''

शेठ फोनमागून हातवारे करत होते. मी म्हटलं, ''लग्न होऊन आले.''

आत्यांचा चेहरा एकदम पडला. ''एवरी लांब दिली गो तुला! माह्यारा तरी येतंस का वर्साला?''

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, ''येते कधीमधी.'' आणि विषय बदलायला म्हणून प्रणालीला सांगितलं, ''हे बघ बाळा, श्वास रोखून छत्तीस आहे. सोडलास तर आणखी असेल. मी बत्तीस शिवू शकत नाही.''

प्रणालीने आत्यांच्या हातातून फोन घेतला. ती म्हणाली, ''बत्तीसच शिवा. मी होणार आहे बत्तीस. नाही झाले तर घालणारच नाही.'' आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आमचे कटिंग मास्टर माझ्या टेबलाशी आले. मरून रंगाचं, सोनेरी काठाचं कापड त्यांच्या खांद्यावर होतं, हातात कात्री. म्हणाले, ''दीदी, किसका काटूँ? फॉर्म का, के लड़की का?''

शेठ तिथेच होते. ''फॉर्म का काटो. उसने लिखा है, वही भुगतेगी. कस्टम में वापसी नहीं.''

''आणि लग्नात उसवलं तर?''

''तो दिल्ली का नाम खराब होगा,'' शेठ म्हणाले. मग स्वतःच विचारात पडले. वेबसाइटवर खूश गिऱ्हाइकाने दिलेल्या पाच ताऱ्यांपेक्षा रागावलेल्या नवरीने दिलेला एकच तारा जास्त लांबून दिसतो, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. फॉर्मपेक्षा मोठं शिवून पाठवावं तर मुलगी रागाने वाईट शेरा लिहिणार. बत्तीस शिवावं तर पट्टाच लागणार नाही. आणि मुलगी फोन उचलत नव्हती. लग्न जवळ आलं होतं, कापड मास्टरच्या खांद्यावर तसंच लोंबत होतं.

मी म्हटलं, ''शेठ, मी जाते. खरवई इथून किती लांब आहे?''

शेठ असे दचकले की जणू मी सीमेपलीकडे जायचं म्हणत होते. ''और बोलोगी क्या? दिल्ली से एक दिन में आ गई?''

''माहेरी आले म्हणून सांगेन. कालच तर सांगितलंय ना, लग्न होऊन गेले म्हणून.''

हे शेठना इतकं पटलं की ते स्वतः जाऊन मिठाई घेऊन आले. दिल्लीहून रिकाम्या हाताने कसं जायचं! खोक्यावरचं दुकानाचं नाव त्यांनी कात्रीने कापून काढलं आणि आमचा चमकीचा कागद गुंडाळला. मी टेप पर्समध्ये टाकली, बदलापूरला उतरले आणि रिक्षा करून खरवईला गेले.

आत्यांनी दारातच मला मिठी मारली. ''आयलीस गो माह्यारा!'' घरातल्या सगळ्यांना ओळख करून दिली, ही ती दिल्लीला दिलेली पोर. मी बासष्टाव्या वर्षी पोर म्हणवून घेत आत गेले. त्यांनी खोका उघडला, शेववाल्या मिठाईचा एक तुकडा तोंडात टाकला आणि चघळता चघळता थांबल्या. दुसरा तुकडा टाकला. माझ्याकडे बघितलं.

''ही तं क्याम्पातली मिठाय हाय.''

''छे, छे! दिल्लीची...''

''अगो, आमच्या घरातली सगली लग्ना क्याम्पातल्या बाजारान जाली. पोरीची, पोरांची, माजा सोताचा. बस्त्याला गेलो का ही मिठाय घेतल्याबिगर मी कदी घरा आयले नाय. मना सांगतंस दिल्लीची?''

काय करणार? मी सगळं सांगून टाकलं. सोनेरी पडदा, प्लास्टिकचं झाड, कपाटातली पार्सलं, शेठचा साडू. आत्या आधी डोळे वटारून ऐकत होत्या, मग त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. ''आनी मी रातभर विचार करतंय, पोरीच्या बापाना हिला दिल्लीला कशी दिली!''

आतल्या खोलीच्या दारात प्रणाली उभी होती. ती पण हसत होती. भरल्या अंगाची, गोल चेहऱ्याची, फार गोड मुलगी. पण डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि हसता हसता तिने दाराची चौकट धरली. आत्यांनी मला हळूच सांगितलं की पोरगी धड जेवत नाही, परवा चक्कर येऊन पडली.

मग साखरपुड्याची गोष्ट कळली. त्या दिवसासाठी भाड्याचा गाऊन आणला होता. त्याची मागची चेन लागलीच नाही. चुलत बहिणींनी पाठीला सेफ्टीपिना लावल्या आणि वरून ओढणी सोडली. बसली तर पिना तुटणार, म्हणून ही मुलगी सगळा कार्यक्रम होईपर्यंत उभी राहिली. जेवलीसुद्धा नाही. आणि मुलाच्या काकीने सगळ्यांसमोर विचारलं, ''नवरीला खुर्ची आवडत नाय काय?'' लोक हसले. ही पण हसली. घरी येऊन मात्र तिने ठरवलं की लग्नाचा कपडा आपल्या मापाचा, आपल्यासाठी शिवलेलाच घालायचा, आणि कोणा ओळखीच्याला माप कळू नये म्हणून तो पार दिल्लीहून मागवायचा. एवढं सगळं केलं आणि फॉर्म भरायला बसली तेव्हा लिहिलं बत्तीस.

आयुष्यभर मी नवरीमुलींच्या मापातली लबाडी पकडत आले आणि त्याची थट्टा करत आले, या लेखातही केलीच आहे. पण कोणी कशासाठी दोन इंच चोरतं ते त्या दिवशी पहिल्यांदा समोर बसून ऐकलं.

मी तिला म्हटलं, ''प्रणाली, आमच्या धंद्यातली एकच गोष्ट सांगते. मोठा कपडा लहान करता येतो. लहान कपडा मोठा करायचा तर तेवढी माया आत लागते, आणि बत्तीसातून तुझ्याएवढं निघेल इतकी माया कोणी ठेवू शकत नाही. मी तुझ्या अंगाचं शिवते. तू कमी झालीस तर लग्नाच्या आदल्या दिवशी इथे येऊन हाताने आत घालून देईन.''

''पण मी होणार आहे कमी.''

''हो ना. मग मी येणारच आहे.''

ती उभी राहिली. मी टेप लावली आणि तिचा श्वास पुन्हा आत गेला. मुद्दाम नव्हे, सवयच झाली होती. सोड म्हटलं तरी सुटेना. हसवून बघितलं, हसणं थांबलं की पोट परत आत. इतक्यात स्वयंपाकघरातून आत्यांच्या गुणगुणण्याचा आवाज आला. तेव्हा कळलं की आत्या धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात मांडवात बसून धवले गाणाऱ्या, सगळे विधी गाण्यातून चालवणाऱ्या बायका असतात, त्या. खरवईतच नाही, आजूबाजूच्या गावांतही त्यांच्यावाचून हळद लागत नाही.

मी हाक मारली, ''आत्या, इकडे या. हिच्या हळदीचं काय गाणार ते आत्ताच गा. आणि तू पण म्हण त्यांच्याबरोबर, मोठ्याने.''

श्वास रोखून गाता येत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तिथेच सुचलं. आत्यांनी कानावर हात ठेवून सूर लावला. प्रणाली आधी लाजली, मग तिनेही सूर धरला. लहानपणापासून आत्याच्या मांडीवर ऐकलेलं असणार, एक ओळ अडली नाही. दुसऱ्या कडव्याला आवाज सुटला, खांदे खाली आले आणि माझ्या बोटांतली टेप आपोआप सरकत सरकत एका जागी थांबली. एकोणचाळीस. मग मी तिला पाटावर बसवून, वाकवून, उठवून परत मोजलं. आत्या गातच होत्या. बाहेर अंगणात काकांनी कोणाला तरी विचारलं, ''हलद आज हाय का?''

मी आकडा मोठ्याने बोलले नाही. कागदावर लिहून प्रणालीला दाखवला. तिने आकड्यावरून बोट फिरवलं आणि ती म्हणाली, ''हेच शिवा. पण काकू, काकीला सांगू नका.''

''कोणाची काकी? मी तर दिल्लीची.''

परत आल्यावर मी मास्टरना सांगितलं, ''लड़की का काटो.'' मास्टरनी ही आज्ञा दिल्लीहूनच आल्यासारखी कात्री चालवली. नऊवारी तयार झाली तेव्हा शेठ सवयीने ती कपाटात ठेवायला निघाले, चार दिवसांसाठी. मी हातातून ओढून घेतली. मात्र पार्सलवर दिल्लीचा पत्ता चिकटवल्याशिवाय त्यांनी मला जाऊ दिलं नाही.

खरवईला घालून बघितली. कंबर बसली, काष्टा बसला, प्रणाली बसली. आत्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, काठ चिमटीत धरून शिवण उलटीपालटी करून बघितली आणि आतल्या मायेवर बोट फिरवत म्हणाल्या, ''पोर जाल्यावर पन घालशील.'' प्रणाली लाजून आत पळाली. पळाली तरी काही उसवलं नाही.

आदल्या दिवशी मला बोलावणं आलं नाही. म्हणजे कमी झालेली नव्हती. मी मनात म्हटलं, बरं झालं.

लग्नाला मी गेले, शेठही आले. आत्यांनी त्यांना खास निरोप पाठवला होता, 'दिल्लीवाल्या शेठला घेऊन ये.' मांडवात शिरताच त्यांच्याभोवती बायकांचा घोळका जमला. कॅम्प दोनमधलं दुकान नक्की कुठे, बाजारपेठेच्या अलीकडे की पलीकडे, सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं. शेठना तिथल्या तिथे ऑर्डरी मिळाल्या, पण चेहरा उतरलेला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ''देखा दीदी? सब पूछ रहे हैं, कितने का देगा.''

माझं लक्ष नव्हतं. लोक नवरीचा चेहरा बघतात, मी शिवणी बघत होते. मुहूर्ताला ती उभी होती तेव्हा काही काळजी नव्हती. मग पाटावर बसायची वेळ आली. मुलाची काकी पुढच्याच रांगेत बसली होती. प्रणाली खाली बसायला लागली आणि मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. ती मांडी घालून आरामात बसली. वाकली, नमस्कार केला, उठली, परत बसली. धवले चालू होते आणि नवरी हलक्या आवाजात ओठ हलवत त्यांच्याबरोबर गात होती. काकी बघत होती, बघत राहिली आणि मग शेजारणीशी दुसऱ्याच विषयावर बोलायला लागली. इतक्या वर्षांत मी शेकडो नवरीमुलींचे कपडे पार्सलात घालून पाठवले, त्यांचे फोटो तेवढे बघितले. माझ्या मापाचा कपडा घालून नवरी लग्नात बसलेली मी पहिल्यांदा बघितली. डोळे भरून आले, तर शेजारच्या बाईने विचारलं, ''पोरीची कोन तुमी?'' मी म्हटलं, ''माप घेणारी.''

आता शेठनी ॲप आणलंय. नवरीने उभं राहून फोटो काढायचा, फोन माप सांगतो. ॲप हुशार आहे, माझ्यापेक्षा लवकर सांगतं आणि हिंदीत चुकत नाही. ते आलं तेव्हा मी काम सोडलं. फक्त फोटो काढताना पोरी श्वास आत घेतात, त्याचं ते काय करतं कोणास ठाऊक.

असो. त्या दिवशी विधी आटोपले, फोटो सुरू झाले. मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात स्टेजवरून प्रणालीने मला हाताने बोलावलं. चेहरा गंभीर. शिवण गेली, चेन गेली, की हुक? मी गर्दीतून वाट काढत, पर्समधली सेफ्टीपिन चाचपत वर गेले.

ती माझ्या कानाशी वाकली. ''काकू, सैल होतंय.''

''काय?''

''कमरेत. बघा ना. मी म्हटलं होतं ना तुम्हाला, कमी होणार म्हणून!''

मी पट्ट्यात बोटं घातली. खरंच, दोन बोटं सहज जात होती. तिच्या डोळ्यांत जिंकल्याचा आनंद नुसता नाचत होता, आणि मी हरले म्हणून मलाही इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. पिन उघडली, आणि मग एकदम शंका आली.

''सकाळपासून काय खाल्लंस तू?''

''काहीच नाही. मुहूर्तापर्यंत उपास होता ना. आणि मग हे फोटो.''

मी पिन बंद करून पर्समध्ये टाकली आणि तिचा हात धरून तिला स्टेजवरून खाली आणलं.

''चल, आधी पोटभर जेव. बरोबर बसेल.''